ब्रेक्झिटचा हिशेब: व्यापारी गट सोडल्यावर ब्रिटनचं काय झालं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्हावा शेवा बंदरातून बाहेर जाणाऱ्या मालाची कागदपत्रं करणं हे माझं काम. शिपिंग बिल, फायटो (मालात कीड-रोग नसल्याचा दाखला), सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन (माल कुठल्या देशाचा याचा दाखला), बिल ऑफ लेडिंग (जहाजावर माल चढल्याची पावती) यांतच दिवस जातो. ब्रेक्झिट झाल्यापासून, म्हणजे ब्रिटन युरोपीय महासंघ या युरोपातल्या देशांच्या गटातून बाहेर पडल्यापासून, द्राक्ष बागायतदार, यूकेत शिकणाऱ्या मुलांचे आईवडील, गोव्यातले ओळखीचे लोक असे सगळे मला तेच तेच प्रश्न विचारत आले आहेत. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. काही लांबली आहेत, कारण विषयच तसा आहे.

ब्रिटन नेमका कधी बाहेर पडला? कुणी २०१६ म्हणतं, कुणी २०२०, कुणी २०२१.

तिन्ही वर्षांना अर्थ आहे. सार्वमत २३ जून २०१६ रोजी झालं. ५१.९ टक्के मतं बाहेर पडण्याच्या बाजूने, ४८.१ टक्के राहण्याच्या बाजूने. कायद्याने सदस्यत्व संपलं ३१ जानेवारी २०२० च्या रात्री. पण व्यापाराचे जुने नियम ३१ डिसेंबर २०२० पर्यंत चालू होते. म्हणून ट्रकवाल्याला, दुकानदाराला आणि माझ्यासारख्या कागदवाल्याला ब्रेक्झिट जाणवलं ते १ जानेवारी २०२१ ला. परिणामांचे आकडे वाचताना कुठल्या तारखेपासून मोजलंय ते आधी बघा. निम्मे वाद तिथेच मिटतात.

व्यापारी गटातून बाहेर पडणं म्हणजे नक्की काय सोडणं?

मुंबईचे जकात नाके आठवा. मुलुंड, दहिसर, वाशी, ऐरोली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि नाके बंद झाले. त्याआधी ट्रक तासन्‌तास रांगेत उभे असायचे. जकातीची रक्कम लागायची ती वेगळीच, पण रांगेतला वेळ, जळणारं डिझेल, पावती दाखवणं, माल उघडून दाखवणं हा खर्च कुठल्याच पावतीवर यायचा नाही. तरी तो गिऱ्हाईकच भरायचं.

युरोपीय महासंघात असताना ब्रिटनला दोन गोष्टी मिळत होत्या. एक, सीमाशुल्क संघ: आपसात शुल्क नाही आणि बाहेरून येणाऱ्या मालावर सगळ्यांचं एकच शुल्क. दुसरी, एकल बाजारपेठ: मालाचे, औषधांचे, खाद्यपदार्थांचे नियम एकच. त्यामुळे बर्मिंगहॅममध्ये पास झालेला माल बार्सिलोनात पुन्हा तपासायची गरज नाही. माणसं, पैसा आणि सेवा यांनाही तीच मोकळीक. ब्रिटनने या दोन्ही गोष्टी सोडल्या. नॉर्वे महासंघाचा सदस्य नाही, तरी एकल बाजारपेठेत आहे. म्हणजे महासंघ सोडून बाजारपेठ राखता आली असती. ब्रिटनच्या सरकारने तो मार्ग घेतला नाही, आणि माझ्या मते आर्थिकदृष्ट्या सर्वांत महाग पडलेला निर्णय हाच.

पण नंतर करार झाला ना? शुल्क शून्य आहे म्हणतात. मग अडचण कसली?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलाय.

२४ डिसेंबर २०२० ला ब्रिटन आणि महासंघ यांच्यात व्यापार व सहकार्य करार झाला. त्यात शुल्क शून्य, कोटाही नाही. पण शून्य शुल्क मिळतं ते माल ‘ब्रिटनमध्ये तयार झालेला’ आहे हे सिद्ध केलं तर. लेस्टरच्या घाऊक व्यापाऱ्याचं उदाहरण घ्या. भारतातून लोणची, मसाले, कपडे मागवायचे, ब्रिटनचं शुल्क भरायचं आणि त्यातलाच थोडा माल डब्लिनच्या दुकानदाराला पाठवायचा. आयर्लंड महासंघातच आहे, त्यामुळे पूर्वी हा माल पुण्याहून नाशिकला जावा तसा जायचा. आता त्या मालाचं मूळ भारत आहे, ब्रिटन नाही. म्हणून डब्लिनला पोचताना महासंघाचं शुल्क पुन्हा लागू शकतं. एकाच बरणीवर दोनदा.

दुसरी अडचण तपासणीची. मांस, दूध, चीज, मासे यांच्या प्रत्येक खेपेला सरकारमान्य पशुवैद्याच्या सहीचं आरोग्य प्रमाणपत्र लागतं. चेशायरमधला एक चीज विक्रेता ऑनलाइन ऑर्डर घेऊन युरोपात भेटपेट्या पाठवायचा. पेटी पंचवीस-तीस पाउंडांची आणि प्रत्येक पेटीला लागणारं प्रमाणपत्र १८० पाउंडांचं! त्याचा युरोपातला किरकोळ धंदा बसला. शुल्क तर शून्यच होतं.

जानेवारी २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या हुक ऑफ हॉलंड बंदरावर कस्टमवाल्यांनी ब्रिटनहून आलेल्या ट्रकचालकांचे हॅमचे सँडविच काढून घेतले. डच टीव्हीवर ते दिसलं आणि जगभर फिरलं. लोक हसले. मला त्या चालकाचा चेहरा आठवतो. घरून बांधून आणलेला डबा आता ‘महासंघाबाहेरून आलेला मांसजन्य पदार्थ’ झाला होता.

आणि मोठ्या-छोट्यातला फरक. मोठ्या कंपनीकडे कागदपत्रांचा वेगळा विभाग असतो. एकाच मालाचा पूर्ण ट्रक भरला की एक प्रमाणपत्र पुरतं. छोटे व्यापारी एका ट्रकमध्ये दहा-पंधरा जणांचा माल मिळून पाठवतात. त्यातल्या एकाचा कागद चुकला की अख्खा ट्रक अडतो. एकदा माझ्या टेबलावरून गेलेल्या द्राक्षाच्या कंटेनरच्या कागदात कंटेनर क्रमांकाच्या सात आकड्यांपैकी एक चुकला होता. बाकी सगळं बरोबर. दुरुस्त कागद पोचेपर्यंत रीफर, म्हणजे थंड कंटेनर, बंदरात प्लग लावून उभा. विजेचं भाडं, डिटेन्शन (कंटेनर अडकवून ठेवल्याचा आकार), आत देठ सुकत चाललेली द्राक्षं. त्या बागायतदाराचा फोन मी अजून विसरलेलो नाही. त्याला आपण परदेशात माल पाठवतो आहोत हे पहिल्यापासून माहीत होतं, तयारी होती, तरी असं झालं. ब्रिटनमधल्या छोट्या कारखानदाराला तर आयुष्यात कधी कस्टमचा फॉर्म भरावा लागला नव्हता.

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या अभ्यासकांनी काढलेल्या अंदाजानुसार ब्रिटनमधल्या सुमारे १६,४०० कंपन्यांनी महासंघात निर्यात करणंच सोडून दिलं. यातल्या बहुतेक छोट्या होत्या. त्यांच्या बातम्या होत नाहीत, कारण कुणी कारखान्याला कुलूप लावलं नाही. फक्त एक गिऱ्हाईक सोडून दिलं.

एकूण नुकसान किती?

ब्रिटनचं स्वतंत्र अर्थसंकल्प कार्यालय धरून चाललंय की महासंघात राहिला असता त्या तुलनेत देशाची उत्पादकता दीर्घकाळात ४ टक्क्यांनी कमी राहील, आणि आयात-निर्यात दोन्ही सुमारे १५ टक्क्यांनी कमी. २०२५ च्या अखेरीस स्टॅनफर्ड विद्यापीठाचे अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याहून मोठा आकडा मांडला: दरडोई उत्पन्न ६ ते ८ टक्क्यांनी कमी, गुंतवणूक १२ ते १८ टक्क्यांनी कमी.

हे आकडे ‘इतकं उत्पन्न घटलं’ असे वाचू नका. ब्रिटनची अर्थव्यवस्था या काळात वाढलीच आहे. ब्रिटन महासंघात राहिला असता तर ती किती वाढली असती, याच्याशी ही तुलना आहे. आणि तो न झालेला इतिहास कुणी पाहिलेला नाही. म्हणून अभ्यासक ब्रिटनसारख्या इतर देशांचं मिश्रण करून एक ‘जुळा ब्रिटन’ तयार करतात आणि खऱ्या ब्रिटनशी त्याची तुलना करतात. पद्धत बदलली की आकडा बदलतो. दिशा मात्र बहुतेक गंभीर अभ्यासांत एकच येते.

गुंतवणुकीचं कारण समजायला सोपं आहे. २०१६ ते २०२० या साडेचार वर्षांत उद्याचे नियम काय असतील ते कुणालाच माहीत नव्हतं. बाहेर पडण्याची मुदत २९ मार्च २०१९ ची होती, ती पुन्हा पुन्हा पुढे गेली. पाऊस पडेल की नाही ते कळेपर्यंत शेतकरी पेरणी थांबवतो. पण चार हंगाम थांबला तर ते पीक नंतर परत येत नाही.

अर्थतज्ज्ञांचं भाकीत खोटं ठरलं होतं ना?

एक भाकीत नक्कीच खोटं ठरलं आणि ते मान्य करायला हवं. सार्वमताआधी ब्रिटनच्या अर्थखात्याने सांगितलं होतं की बाहेर पडण्याच्या नुसत्या निकालाने लगेच मंदी येईल आणि सुमारे पाच लाख नोकऱ्या जातील. तसं झालं नाही. लोक खर्च करत राहिले, बँक ऑफ इंग्लंडने ऑगस्ट २०१६ मध्ये व्याजदर ०.५ वरून ०.२५ टक्क्यांवर आणला. या चुकलेल्या भाकितामुळे लोकांचा तज्ज्ञांवरचा विश्वास उडाला, आणि दीर्घकाळाच्या इशाऱ्यांकडेही मग कुणी लक्ष दिलं नाही. मला याचं फार वाईट वाटतं.

पाउंड का पडला?

ज्या देशाचा व्यापार अवघड होणार, त्याच्या चलनाची मागणी कमी होणार, असा बाजाराने सार्वमताच्या निकालाच्या रात्रीच हिशेब केला. मध्यरात्री दीड डॉलरच्या आसपास गेलेला पाउंड सकाळपर्यंत ३१ वर्षांच्या नीचांकाला आला. रुपयांत बघायचं तर शंभरच्या आसपासचा पाउंड दुसऱ्या दिवशी नव्वदीच्या सुरुवातीला, आणि त्याच ऑक्टोबरात ऐंशीच्या थोडा वर. इथून फी भरणाऱ्या पालकांना फायदा झाला, तिथून घरी पैसे पाठवणाऱ्यांना फटका बसला. ब्रिटनमध्ये आयात महागली आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये महागाई ३.१ टक्क्यांवर गेली. पगार तेवढे वाढले नाहीत. सर्वसामान्य ब्रिटिश घराने ब्रेक्झिटचा पहिला हप्ता हा असा, सदस्यत्व संपायच्या आधीच भरला.

आठवड्याला ३५ कोटी पाउंड वाचणार होते, त्याचं काय झालं?

बाहेर पडण्याच्या प्रचाराच्या बसवर रंगवलेला तो आकडा मुळातच चुकीचा होता. त्यात ब्रिटनला मिळणारी सूट धरलेली नव्हती. पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी १९८४ मध्ये मिळवलेली ही सूट आधीच वजा होऊन रक्कम जायची, म्हणजे आठवड्याला सुमारे २५ कोटी. त्यातलेही काही शेती आणि मागास भागांसाठी परत यायचे. वर्गणी वाचली हे खरं. पण अर्थव्यवस्था ४ टक्क्यांनी लहान राहिली तर करातून येणारा पैसाही तेवढ्या प्रमाणात कमी होतो, आणि ती रक्कम वर्गणीपेक्षा कितीतरी मोठी आहे.

ब्रिटनमधली प्रत्येक अडचण ब्रेक्झिटमुळेच का?

नाही, आणि असं लिहिणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. करोना आणि नवे सीमानियम जवळपास एकाच वेळी आले. नंतर युक्रेनचं युद्ध आणि गॅसचे भाव. मोटारींचं बघा: २०१६ मध्ये ब्रिटनमध्ये १७ लाखांवर मोटारी बनल्या, २०२२ मध्ये ७.७५ लाख, त्या वेळी १९५६ नंतरचा सर्वांत कमी आकडा. यात चिपच्या टंचाईचा मोठा वाटा होता. होंडाने स्विंडनचा कारखाना जुलै २०२१ मध्ये बंद केला, तेव्हा कारण विजेवरच्या गाड्यांकडे वळण्याचं सांगितलं होतं.

२०२१ च्या शरद ऋतूत ट्रकचालक कमी पडले आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. चालक सगळ्या युरोपातच कमी होते. पण पोलंड किंवा रोमेनियाचा चालक जर्मनीत उद्या सकाळी कामावर जाऊ शकत होता, ब्रिटनमध्ये त्याला व्हिसा लागत होता. शेवटी सरकारने चालकांसाठी ५,००० तात्पुरते व्हिसा काढले.

टाटांच्या जग्वार लँड रोव्हरचं काय?

कंपनी २००८ पासून टाटा समूहाची, म्हणजे मालकी मुंबईत. इथेही मुद्दा मुळाच्या नियमांचा, म्हणजे माल कुठल्या देशाचा धरायचा याचा. विजेवरच्या गाडीत बॅटरी सर्वांत महागडी, ती आशियातून आणली तर गाडी ‘ब्रिटिश’ ठरायला अडचण आणि महासंघात १० टक्के शुल्क. ही कडक अट २०२४ ला लागू होणार होती, ती २०२६ च्या अखेरपर्यंत पुढे ढकलली. टाटा समूहाने २०२३ मध्ये सॉमरसेटमध्ये ४०० कोटी पाउंडांहून मोठ्या बॅटरी कारखान्याची घोषणा केली, त्यामागचं एक गणित हे आहे.

मासेमारांना तरी फायदा झाला का?

अपेक्षेपेक्षा फारच कमी. ब्रिटनच्या एकूण उत्पन्नात मासेमारीचा वाटा ०.१ टक्क्याहूनही कमी, पण भावनेत फार मोठा. आपल्या कोळीवाड्यांचं महत्त्व जसं आकड्यांत मावत नाही तसंच. ब्रिटिश पाण्यातल्या महासंघाच्या कोट्यापैकी मूल्याने २५ टक्के हिस्सा साडेपाच वर्षांत ब्रिटनकडे वळवायचं ठरलं. मेख अशी की ब्रिटनमध्ये पकडलेली बरीच मासळी युरोपातच विकली जाते. जिवंत कालवं आणि शिंपले काही प्रकारच्या पाण्यातून काढले असतील, तर त्यांना महासंघाचं दारच बंद झालं. २०२५ मध्ये महासंघाच्या बोटींना २०३८ पर्यंत ब्रिटिश पाण्यात येण्याची मुभा मिळाली.

उत्तर आयर्लंडचा गुंता थोडक्यात सांगाल?

उत्तर आयर्लंड ब्रिटनचा भाग, बाकीचं आयर्लंड महासंघात. १९९८ च्या शांतता करारानंतर या दोन आयर्लंडमधली सीमा उघडी आहे, ती बंद करणं म्हणजे जुनी जखम उघडणं. म्हणून मालाची तपासणी समुद्रात, म्हणजे ब्रिटनच्याच दोन भागांमध्ये आली. ब्रिटन आणि महासंघ यांच्यातल्या २०२३ च्या विंडसर आराखड्याने ती सौम्य केली, संपवली नाही.

लंडन आर्थिक राजधानी राहिली का?

राहिली, पण काही खुर्च्या उठून गेल्या. युरोपीय बँकिंग प्राधिकरण पॅरिसला गेलं, औषध संस्था ॲम्स्टरडॅमला. लंडनच्या परवान्यावर साऱ्या युरोपात सेवा विकण्याची सोय गेली. जानेवारी २०२१ मध्ये शेअर व्यवहारांत ॲम्स्टरडॅमने लंडनला मागे टाकलं. तरीही ब्रिटनची सेवा निर्यात बरी चालली आहे. सल्लागाराला आणि वकिलाला सीमेवर पशुवैद्य लागत नाही.

गोव्यातल्या पोर्तुगीज पासपोर्टवाल्यांचं काय झालं?

१९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेले आणि त्यांची मुलं-नातवंडं पोर्तुगीज नागरिकत्व घेऊ शकतात. त्या पासपोर्टवर युरोपात कुठेही राहता येतं, म्हणून हजारो गोंयकार ब्रिटनला गेले. स्विंडनमध्ये तर त्यांची मोठी वस्ती आहे. जे ३१ डिसेंबर २०२० पूर्वी तिथे राहत होते, त्यांना आधीपासून राहणाऱ्या युरोपीयांसाठीच्या वसाहत योजनेत अर्ज करून राहता आलं. अर्जाची मुदत ३० जून २०२१ होती. १ जानेवारी २०२१ पासून निघालेल्यांना तोच पासपोर्ट लिस्बन, पॅरिस, डब्लिनला चालतो, स्विंडनला नाही. भाऊ आधी पोचला आणि बहीण राहिली, अशी घरं सासष्टीत आहेत. भारतीय नागरिकत्व सोडून पोर्तुगीज झालेल्यांना हा बदल फार लागला, कारण ते पाऊल सहज मागे घेता येत नाही.

मग ब्रिटनमध्ये परदेशी माणसं कमी झाली का?

उलट. युरोपातून येणारे घटले, पण भारत, नायजेरिया वगैरे देशांतून विद्यार्थी, परिचारिका आणि वृद्धांची काळजी घेणारे कर्मचारी मोठ्या संख्येने आले. २०२३ मध्ये निव्वळ स्थलांतर वर्षाला ९ लाखांवर गेलं. ज्यांनी स्थलांतर घटावं म्हणून मत दिलं, त्यांना हे अपेक्षित नव्हतं. मग व्हिसाचे नियम आवळले गेले, आणि त्याची झळ आपल्या मुलांना बसते आहे.

भारत-ब्रिटन करार ब्रेक्झिटमुळेच झाला ना? आमच्या द्राक्षांना काय मिळालं?

महासंघात असताना ब्रिटन स्वतंत्र व्यापार करार करूच शकत नव्हता, त्यामुळे हो. २४ जुलै २०२५ ला करारावर सह्या झाल्या. भारताच्या ९९ टक्के मालावरचं शुल्क जातं. पादत्राणांवर १६ टक्क्यांपर्यंत लागायचं, ते शून्य, म्हणजे कोल्हापूरच्या कारागिरालाही वाट आहे. स्कॉच व्हिस्कीवरचं आपलं १५० टक्के शुल्क आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर येणार.

पण ब्रिटनच्या बाजूने बघा. त्यांच्याच सरकारचा अंदाज आहे की या कराराने २०४० पर्यंत त्यांचं उत्पन्न वर्षाला ४८० कोटी पाउंडांनी, म्हणजे सुमारे ०.१ टक्क्याने वाढेल. ऑस्ट्रेलियाच्या कराराने ०.०८ टक्के. शेजारच्या बाजारपेठेत गमावलेले ४ टक्के असे दूरदूरच्या करारांनी भरून निघत नाहीत. आणि जानेवारी २०२६ मध्ये महासंघानेही भारताशी मुक्त व्यापार वाटाघाटी पूर्ण केल्या.

द्राक्षांसाठी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. पूर्वी रॉटरडॅमला उतरलेला कंटेनर एकदा पास झाला की इंग्लंडला जाऊ शकायचा. आता ब्रिटन आणि महासंघ या दोन वेगळ्या बाजारपेठा आहेत. कीडनाशकाच्या अवशेषांच्या मर्यादा दोघे स्वतंत्रपणे ठरवतात. फवारणीच्या आधीच माल कुठे जाणार ते ठरवा आणि दोन्ही याद्या बघा. हंगाम सुरू झाल्यावर विचारायला येऊ नका, तेव्हा माझ्याही हातात काही नसतं.

याआधी कुणी असा गट सोडला आहे का?

ग्रीनलँडने १९८५ मध्ये युरोपीय समुदाय सोडला, मासेमारीच्याच वादावरून. चिलीने १९७६ मध्ये दक्षिण अमेरिकेतला अँडियन गट सोडला. मालि, बुर्किना फासो आणि नायजर २९ जानेवारी २०२५ ला पश्चिम आफ्रिकेच्या गटातून बाहेर पडले. पण इतकी मोठी आणि इतकी गुंतलेली अर्थव्यवस्था दुसरी कुठलीच नव्हती. भारत २०१९ मध्ये ‘आरसेप’ या आशिया-पॅसिफिक देशांच्या व्यापार करारात गेला नाही, त्याची तुलना याच्याशी करू नका. लग्नाला नकार देणं आणि संसार मोडणं यांचे खर्च वेगळे असतात.

ब्रिटन परत जाऊ शकतो का?

कायद्याने हो, पण जुन्या अटींवर नाही. नव्या सदस्यासारखा अर्ज, सत्तावीस देशांची संमती, आणि थॅचरबाईंची सूट परत मिळण्याची आशा जवळपास नाही. सध्या चाललंय ते तुकड्या-तुकड्याने. १९ मे २०२५ च्या समझोत्यात खाद्यपदार्थांच्या तपासण्या कमी करायचं ठरलं. त्या बदल्यात ब्रिटनने महासंघाचे खाद्यनियम पाळायचे. ते नियम ठरवताना पूर्वी त्याला मत होतं, आता नाही.

मुलगी लंडनला शिकते. सुट्टीत पॅरिसला जायचं तर?

शेंगेन (आपसांत पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपीय देशांचा गट) व्हिसा वेगळा काढावा लागेल. हे ब्रेक्झिटमुळे नाही, ब्रिटन शेंगेनमध्ये कधीच नव्हता. बदललं ते ब्रिटिश पासपोर्टवाल्यांसाठी. तिच्यासोबत तिची ब्रिटिश पासपोर्टवाली लंडनची मावशी जाणार असेल, तर मावशीला व्हिसा लागणार नाही, पण आता तिलाही महासंघाबाहेरच्या प्रवाशांच्या रांगेत उभं राहावं लागेल आणि १८० दिवसांत ९० दिवसांपेक्षा जास्त राहता येणार नाही.